पोषणशास्त्रात संशोधन करायचंय: एमएस्सी, पीएचडीचे अर्ज कुठे आणि कसे करायचे?

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, सांगलीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई गावात अंगणवाडी सेविका, वडिलांची शेती, ऊस आणि थोडी हळद. मला पोषणशास्त्रात संशोधन करायचं आहे. डाएटिशियन व्हायचं नाही हे पक्कं आहे, पण घरी आणि कॉलेजात ते समजावताना दमछाक होते. न्यूट्रिशन म्हटलं की समोरचा वजन कमी करायचा तक्ता मागतो.

आमचं कॉलेज स्वायत्त आहे, त्यामुळे चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' करायची सोय आहे. ते करू की तिसऱ्या वर्षानंतर एमएस्सीला जाऊ? मायक्रोबायोलॉजीवरून पोषणशास्त्राला प्रवेश मिळतो का? परदेशात थेट पीएचडीला घेतात असं ऐकलंय, ते खरं का? आणि लाखो रुपये भरायची आमची ऐपत नाही, कर्ज न काढता हे जमतं का? कोणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. तुझा उत्साह आवडला, पण तुला राग आला तरी एक सांगते. डाएटिशियन व्हायचं नाही म्हणून तो रस्ता पूर्ण बंद करू नकोस. अशी एमएस्सी निवड की जिच्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप करून इंडियन डायेटेटिक असोसिएशनची आरडीची, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची, परीक्षा देता येईल. मग हातात काहीतरी राहतं. संशोधनातली नोकरी म्हणजे प्रकल्प असेपर्यंत. अनुदान संपलं की करार संपला. माझ्या बरोबरच्या दोघी हुशार मुली अशाच प्रकल्पांवरून प्रकल्पांवर फिरल्या आणि शेवटी शाळेत शिकवायला लागल्या. घरची परिस्थिती सांगितलीस म्हणून हे लिहिलं.

माणदेशी_परदेशी

दहिवडीकडचा आहे, सध्या अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात न्यूट्रिशनमध्ये पीएचडी करतोय. ताईंचं म्हणणं खोडत नाही, पण प्रश्न संशोधनाचा आहे म्हणून त्याच अंगाने लिहितो.

सगळ्यात आधी तीन शेजारच्या घरांतला फरक घरच्यांना सांग. आहारशास्त्र म्हणजे एका रुग्णाला काय खायला द्यायचं ते ठरवणं. अन्नतंत्रज्ञान म्हणजे पदार्थ कसा बनवायचा, टिकवायचा, पॅक करायचा. आणि पोषणविज्ञानातलं संशोधन म्हणजे खाल्लेल्याचं शरीरात काय होतं, आणि कोणत्या लोकसमूहात कशाची कमतरता का आहे, हे शोधणं. यातही दोन वाटा. एक प्रयोगशाळेची: पेशी, उंदीर, जीन, आतड्यातले जिवाणू. दुसरी माणसांची: गाव, बाळंतीण, शाळकरी मुलं, रक्ताचे नमुने, वह्या आणि आकडे. तुझी मायक्रोबायोलॉजी पहिल्या वाटेला थेट उपयोगी आहे, आणि आईची अंगणवाडी दुसऱ्या वाटेला. कोणती ते आत्ताच ठरवायची गरज नाही, पण अर्ज लिहिताना ठरवावंच लागतं. दोन्हीत पाय ठेवलेला अर्ज वाचणाऱ्याला कळतो.

अमेरिकेचं खरं आहे, तिथे बऱ्याच विद्यापीठांत मास्टर्सशिवाय पीएचडीला घेतात. कॉर्नेल, यूसी डेव्हिस ही नावाजलेली, पण त्यांच्याशिवाय राज्य विद्यापीठांत चांगले विभाग पुष्कळ आहेत. पीएचडीला घेतलं की सहसा फी माफ होते आणि वर दरमहा पैसे मिळतात, बदल्यात शिकवायचं किंवा प्रयोगशाळेत काम करायचं. स्वतंत्र मास्टर्सला मात्र बहुधा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. म्हणून ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी पीएचडी स्वस्त आणि मास्टर्स महाग, हे उलटं गणित घरी नीट समजावून सांग. अडचण एवढीच की आपली तीन वर्षांची बीएस्सी पुष्कळ ठिकाणी पुरेशी धरत नाहीत. चौथं वर्ष किंवा एमएस्सी, दोन्हींपैकी एक हवंच. बायोकेमिस्ट्री, शरीरक्रियाशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि संख्याशास्त्र हे विषय गुणपत्रकात दिसले पाहिजेत. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता पुष्कळ विभाग मागतच नाहीत, इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस मात्र लागते.

अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि प्रवेश पुढच्या ऑगस्टचा. म्हणजे वर्षभर आधी तयारी. एका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास फी पडते. ती माफ करून मिळते, पण मागावी लागते. विभागाच्या समन्वयकांना सरळ ईमेल करून विचारायचं. आपली मुलं इथेच लाजतात.

वाघ्या_घेवडा

मी कोरेगावचा, अन्नतंत्रज्ञान शिकून म्हैसूरला नोकरी करतो. सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था, इथेच आहे, त्यामुळे पोषणवाल्यांशी रोजचा संबंध येतो.

वारणाकाठची, परदेशाचं बघशील तेव्हा बघशील, आधी हैदराबाद बघ. एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीचा अभ्यास सुरू केला, तिथून ही संस्था वाढली, १९५८ मध्ये हैदराबादला आली. त्यांची उपयोजित पोषणाची एमएस्सी आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, जागा थोड्या असतात. जीवशास्त्राच्या पदवीधरांनी माहितीपत्रकातली पात्रता नीट वाचावी, फक्त होम सायन्सवाल्यांसाठीच आहे असं समजून सोडून देऊ नये. बाकी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग, दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज, मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन. दिल्लीसाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातही सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे अन्न आणि पोषण विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळतं. आपल्या भागातल्या लोकांना ते माहीतच नसतं.

एमएस्सी निवडताना एकच गोष्ट विचार: प्रबंध आहे का, आणि त्यासाठी स्वतःची माहिती गोळा करायला लावतात का? नुसते पेपर देऊन होणारी एमएस्सी संशोधनाच्या अर्जात फारसं वजन देत नाही.

आता मला मनापासून वाटतं ते. आपल्या ताटातून केवढे प्रश्न निघालेत हे आपल्याच लोकांना ठाऊक नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, दिसायचा. जगभर हा आजार मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध. मग ज्वारीत काय आहे? एनआयएनच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं की ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीन या अमिनो आम्लामुळे नायसिनचं गणित बिघडत असावं. पुढे त्यावर वाद झाले, सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. पण प्रश्न बघ कुठून आला! भाकरीतून. तू शाळू खाऊन वाढलेली आहेस, हे तुझं भांडवल आहे, त्याची लाज वाटून अर्जात लपवू नकोस.

आटपाडीकर

माझी थोरली पोरगी बारावीला आहे, तिलाही हेच डोक्यात बसलंय, म्हणून वाचत होतो. मला सांगा, पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं. तोवर पोरगी काय खाणार आणि आम्ही काय पाठवणार? डाळिंबाचं तेल्याने वाटोळं झाल्यापासून आमच्याकडे शिल्लक काही नाही. भारतात राहून पैसे मिळतात का?

मिरज_जंक्शन

मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकवते. आटपाडीकर, तुमचा प्रश्न आधी घेते.

भारतात पीएचडीला जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर सध्या पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, शहराप्रमाणे घरभाडं वेगळं. त्यासाठी यूजीसीच्या नेट परीक्षेत होम सायन्स हा विषय आहे. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीची मुलं सीएसआयआरच्या नेटमध्ये लाइफ सायन्सेस देतात. आयसीएमआरचीही, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीही, जेआरएफ आहे. आता चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांनाही नेट देता येते. शिवाय ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशासाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना. तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून आधी जाहिरात वाचायची, मग विद्यापीठ निवडायचं. आपली मुलं उलटं करतात आणि प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती हुकते. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या मुलीला चार-पाच वर्षं आहेत. तिला आत्ता फक्त गणित सोडू देऊ नका.

वारणाकाठची, तुझ्यासाठी. बाळाच्या पोषणाचा अभ्यास करायला लंडनला जायलाच हवं असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातून डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण हाडापेराने बारीक असलेल्या आपल्या बाळांत पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं बाळ आतून तुलनेनं चरबीदार. आपल्याकडे सडपातळ माणसाला चाळिशीत मधुमेह का होतो, या प्रश्नाकडे बघायची नजरच त्यामुळे बदलली. हे सगळं टेपने, कॅलिपरने आणि चिकाटीने झालं. अशा केंद्रांत प्रकल्प सहायकाच्या जागा निघतात. एमएस्सीनंतर एखादं वर्ष तिथे काढलंस तर अर्ज पूर्ण वेगळा दिसेल.

आणि संख्याशास्त्र. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजपासून शिकायला घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची प्रत्येक जिल्ह्याची पत्रकं उपलब्ध आहेत. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. सांगली आणि साताऱ्याची पत्रकं शेजारी ठेव आणि बघ, काय खटकतं.

वारणाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. मिरज_जंक्शन मॅडम, आर डाउनलोड केलं.

एक प्रश्न माझ्या डोक्यात बरेच महिने आहे, तो विचारते. आईच्या जुन्या वह्या मी बघत होते. आता डिजिटल काटे आणि पोषण ट्रॅकर आहे, पण आधी छताच्या कडीला टांगायचा तो तबकडीचा काटा होता. बाळाला चड्डीसारख्या झोळीत बसवून अडकवायचं, ते रडायचं, लाथा झाडायचं, काटा थरथरायचा आणि आई अंदाजाने मधला आकडा घ्यायची. त्या काट्यावर १०० ग्रॅमच्या रेघा होत्या. पण वहीत ८.०, ८.५, ९.० असेच आकडे भरपूर आहेत. ८.३, ८.७ फार कमी. आई कामचुकार नाही, गावात तिच्याइतकं मन लावून कोणी वजन घेत नसेल. मग हे असं का होतं, आणि यामुळे किती मुलं चुकीच्या रकान्यात जातात? हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो का, की फारच क्षुल्लक आहे?

मिरज_जंक्शन

क्षुल्लक? अगं, हाच प्रश्न घेऊन ये.

याला अंकांची पसंती म्हणतात. माणूस शून्य आणि पाचकडे ओढला जातो. आता तो आकड्यात किती महाग पडतो ते बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या मानकांप्रमाणे बारा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो आणि उणे दोनची रेघ ७.० किलोवर, तिच्याखाली गेलं की कमी वजन. समजा मुलीचं खरं वजन ६.८ आहे आणि वहीत ७.० पडलं. दोनशे ग्रॅमने ती कमी वजनाच्या यादीतून बाहेर. दुसऱ्या वयात रेघ वेगळ्या आकड्यावर असली की उलटही होतं. रेघेच्या आजूबाजूला जितकी मुलं जास्त, तितका घोळ जास्त. अशा चुकीने एखाद्या गावाचा सरासरी आकडा फारसा हलणार नाही, पण नेमकं कोणत्या मुलीला जादा आहार मिळायला हवा होता, ते हुकेल. यात मोजमापाचं शास्त्र आहे, कार्यक्रमाचा उपयोग आहे, आणि तो तुझ्या आवाक्यातला आहे.

पण थांब. त्या वह्या सरकारी आहेत, त्यांत मुलांची नावं आहेत. आई सेविका आहे म्हणून तू त्या घरी बसून संगणकावर उतरवून घेऊ शकत नाहीस. एकही आकडा उतरवण्याआधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मराठी माणसाला कळतील अशा भाषेत कोणी सांगत नाही, पण वाचून काढ. नावं काढून, फक्त वय, लिंग, वजन, तारीख. चौथ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय मस्त आहे. म्हणून माझं मत: चौथं वर्ष कर.

वाघ्या_घेवडा

मॅडमना अनुमोदन, फक्त एक अट. तुझ्या कॉलेजात चौथ्या वर्षाला मार्गदर्शक खरोखर वेळ देणारा आहे का ते वरच्या वर्गातल्यांना विचार. नावापुरता प्रकल्प होणार असेल तर ते वर्ष एमएस्सीत घालवलेलं बरं.

अजिंक्यतारा

वह्यांचं वाचून मीही बसून विचार केला. खरंच चांगला प्रश्न आहे. मी माझं म्हणणं मागे घेत नाही, आरडी असू द्यावी असंच मला वाटतं. पण इंटर्नशिपचा संशोधनालाही फायदा आहे, हे सांगते. रुग्णालयात रोज पंधरा-वीस माणसांना 'काल काय खाल्लं' विचारलं की कळतं, लोक काय सांगतात आणि काय गाळतात. आपल्याकडची बाई म्हणते, 'दोन भाकरी आणि कोरड्यास.' भाकरी केवढी? कुणाची तळहाताएवढी, कुणाची तव्याएवढी. कोरड्यास म्हणजे पातळ आमटी की घट्ट घेवडा? शेंगदाण्याची चटणी तर कुणी धरतच नाही, आणि तेल-शेंगदाणा तिथेच असतो. सकाळ-संध्याकाळच्या चहातली साखरही सुटते. उभं राहून चाखलेलं, पोराच्या ताटात उरलेलं, हेही विचारावं लागतं. चोवीस तासांच्या आहाराची नोंद पुस्तकात एका परिच्छेदात संपते, पण ती घेता येणं हे कसब आहे.

माणदेशी_परदेशी

ताई, हे अगदी खरं. इथे आमच्या गटात आहारनोंदी घ्यायला माणसं शिकवतात तेव्हा वाटी, पेला, डाव यांचे नमुने समोर ठेवतात. तुम्ही लिहिलंत ते कोणी शिकवत नाही.

वारणाकाठची, आता एसओपीबद्दल, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाबद्दल. इथेच टाक, आपण बघू. आणि मार्गदर्शकांना ईमेल करण्याबद्दल थोडं. अमेरिकेत काही विभागांत आधी विभाग घेतो, मग पहिल्या वर्षी तू दोन-तीन प्रयोगशाळांत फिरून मार्गदर्शक निवडतेस. काही ठिकाणी मार्गदर्शक हो म्हणाल्याशिवाय प्रवेशच नाही. संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ईमेल जायला हवा. 'आदरणीय सर, आपल्या थोर कार्याने मी प्रभावित झाले आहे' असलं काही नको. त्यांचा एक पेपर खरोखर वाच, त्यातली एक गोष्ट जी तुला पुढे विचारावीशी वाटते ती लिही, तू काय केलंयस ते दोन वाक्यांत, आणि पुढच्या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का हा सरळ प्रश्न. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग पुढचा.

युरोपचं वेगळं आहे. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही नोकरी असते, जाहिरात निघते, पगार मिळतो, पण मास्टर्स आधी लागतं. वाखेनिंगनची न्यूट्रिशन अँड हेल्थ मास्टर्स दोन वर्षांची, फार चांगली, पण शिष्यवृत्तीशिवाय आपल्याला न परवडणारी. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनचीही तीच गत, तिथे मास्टर्स एका वर्षाची.

वारणाकाठची

मसुदा इंग्रजीत आहे, सुरुवात इथे मराठीत टाकते:

'लहानपणापासून मला आहार आणि आरोग्य या विषयांची आवड आहे. भारतात कुपोषण ही मोठी समस्या आहे. अंगणवाडी सेविकेची मुलगी म्हणून मी हे जवळून पाहिले आहे. समाजासाठी काहीतरी करण्याची माझी इच्छा असून आपल्या नामांकित विद्यापीठात शिकून मी ते स्वप्न पूर्ण करू इच्छिते.'

कृपया स्पष्ट सांगा.

माणदेशी_परदेशी

स्पष्ट सांगतो. यातलं एकही वाक्य तुझं नाही. समिती शंभर-दोनशे अर्ज वाचते, त्यांतल्या अर्ध्यांत लहानपणापासूनची आवड आणि समाजासाठी काहीतरी असतं. तुझं आहे ते तू वर आम्हाला सांगितलंस: टांगलेला काटा, शंभर ग्रॅमच्या रेघा, वहीत सगळे आकडे शून्य आणि पाचवर. तिथून सुरू कर. मग तू त्याचं काय केलंस, काय निघालं, काय समजलं नाही, आणि जे समजलं नाही ते समजून घ्यायला या विभागातल्या कोणाकडे काय शिकायचंय. विद्यापीठाचं कौतुक नको, ते त्यांना माहीत आहे. आईबद्दल एकच वाक्य ठेव, पण ते 'तिच्याइतकं मन लावून कोणी वजन घेत नसेल' हे. त्यातून कळतं की तू दोष माणसाला देत नाहीस, पद्धत तपासतेस. संशोधकाचा स्वभाव त्यात दिसतो.

मिरज_जंक्शन

मी आणखी एक जोडते. 'कुपोषण' हा शब्द एकटा लिहू नकोस. खुजेपणा, लुकडेपणा, कमी वजन, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, लठ्ठपणा, यांपैकी काय? प्रत्येकाची कारणं वेगळी, मोजमाप वेगळं. वाचणाऱ्याला तिथेच कळतं की मुलीने अभ्यास केलाय की नुसती तळमळ आहे. तळमळ असावीच, ती तुझ्यात आहे, पण ती नेमक्या शब्दांतून दिसू दे.

वारणाकाठची

हे वाचून रात्री पूर्ण नव्याने लिहिलं. पहिली ओळ अशी: 'माझ्या गावातल्या अंगणवाडीच्या काट्यावर शंभर ग्रॅमच्या रेघा होत्या, पण वहीत मुलं अर्ध्या किलोच्या उड्या मारत वाढत होती.' पुढचं अजून कच्चं आहे, कारण प्रकल्पच झालेला नाही. म्हणून ठरवलंय: चौथं वर्ष करणार, प्रकल्प हाच. आमच्या मॅडमशी बोलले, त्या तयार आहेत, परवानगीचा अर्ज आम्ही दोघी मिळून लिहितोय. सोबत एनआयएनच्या परीक्षेची आणि नेटची तयारी. अमेरिकेचे अर्ज प्रकल्प झाल्यावरच.

दोन अडचणी राहिल्या. शिफारसपत्रं तीन लागतात, आणि एका सरांनी सांगितलं, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' ते चालतं का? आणि गुणपत्रकावर माझं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आहे. परदेशी अर्जात कसं भरायचं?

मिरज_जंक्शन

स्वतः लिहिलेलं पत्र नको. प्रामाणिकपणाचा प्रश्न आहेच, शिवाय एसओपी आणि शिफारसपत्र एकाच हाताचं आहे हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं. सरांना नम्रपणे सांग की पत्र ऑनलाइन, थेट त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवरून भरायचं असतं. आणि त्यांचं काम सोपं कर: एका पानावर मुद्दे लिहून दे. त्यांच्याकडे कोणते विषय शिकलीस, कोणता प्रयोग कसा केलास, कुठे अडलीस आणि कसा मार्ग काढलास, मुदत कोणती. प्राध्यापकांना शंभर मुलं असतात, त्यांना तपशील आठवत नाही म्हणून ते असं म्हणतात. महिना-दीड महिना आधी सांग. तरी नाही म्हणाले तर प्रकल्पाच्या मॅडम आणि चौथ्या वर्षाला शिकवणारे आणखी कोणी बघ.

माणदेशी_परदेशी

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे. पासपोर्ट काढला नसेल तर आत्ताच काढ, आणि काढताना आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव, दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव. टोफेलची नोंदणीही त्याच स्पेलिंगने. गुणपत्रकावर क्रम वेगळा आहे म्हणून घाबरायचं काही नाही, महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांचा तसाच असतो, अर्जात टीप द्यायला जागा असते. स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र आधी विद्यापीठातून दुरुस्त करून घे, त्याला वेळ लागतो.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचं, विसरू नकोस. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षी गणपतीनंतर लगेच परीक्षा विभागात अर्ज टाक, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रकांच्या प्रती बरोबर ने, आणि पाकिटं दोन-तीन जादा मागून घे. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना आठवण होते.

आटपाडीकर

सगळं मुलीला वाचून दाखवलं. वह्यांचं ऐकून ती आमच्या गावच्या अंगणवाडीत काटा बघायला गेली. मॅडम, बारावीनंतर तिला कुठली बीएस्सी घेऊ द्यावी?

मिरज_जंक्शन

रसायनशास्त्र किंवा बायोकेमिस्ट्री, जवळच्या चांगल्या कॉलेजात, आणि सोबत संख्याशास्त्राचा विषय मिळत असेल तर तो सोडू नका. होम सायन्सचं चांगलं कॉलेज मिळालं आणि तिची राहायची तयारी असेल तर तेही उत्तम. नवा धागा काढा, इथे वारणाकाठचीच्या अर्जाचं पुढचं येऊ दे.